चालकाचा रकाना

ताई पहिल्यांदा झोपेत चालली तेव्हा तिनं शाळेचा एक नवाकोरा गणवेश नेऊन फ्रिजमध्ये ठेवला, आणि तिला कोणी अवाक्षरानं बोललं नाही. धाकटीला या सगळ्या प्रकरणात अद्भुत वाटलं ते एवढंच.

धाकटी आठ वर्षांची. घरात तिला सगळे शेपटी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती अकरा वर्षांच्या ताईच्या मागे मागेच असायची. त्या रात्री पावणेदहाला ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठली होती, म्हणून तिला सगळं पाहायला मिळालं. पुढच्या खोलीत आई गणवेशांना बटणं लावत बसली होती. शिवणकाम हाच आईचा धंदा, आणि शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने घरात बसायला जागा नसायची. बाबा पेपरातलं कोडं सोडवत होते. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, कोचावर बसल्याबसल्या पेंगत होते. एवढ्यात ताई आली. डोळे टक्क उघडे, पण बघत कुठेच नव्हते. तिनं गठ्ठ्यातला वरचा गणवेश उचलला, फ्रिज उघडला, दुधाशेजारी तो नीट ठेवला, दार लावलं, “आता सगळे हजर,” असं स्पष्ट म्हणाली आणि आपल्या पलंगावर जाऊन झोपली.

आई तिच्या मागोमाग गेली, पांघरूण सारखं केलं, बाहेर येऊन गणवेश काढला आणि म्हणाली, “गार झालाय.” बस्स. हाच गणवेश शेपटीनं फ्रिजमध्ये ठेवला असता तर आभाळ कोसळलं असतं, आणि ते निदान आठवडाभर कोसळतच राहिलं असतं. शेपटीला हे अनुभवानं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घाबरायचं कारण नाही, या वयात बऱ्याच मुलांना हे होतं आणि मोठेपणी आपोआप जातं. ओरडायचं नाही, हलवून उठवायचं नाही, हाताला धरून परत नेऊन झोपवायचं. आणि कधी, किती वेळा चालते ते लिहून ठेवायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी आमच्या या गोष्टीतल्या बाबांसमोर उच्चारायला नको होतं.

बाबा बस डेपोत वेळनोंदीच्या खिडकीत बसत. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, हे लिहिण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती, आणि त्यांना जगातली कुठलीही गोष्ट याहून वेगळ्या पद्धतीनं लिहिता येत नव्हती. संध्याकाळी ते लांबोडकी वही घेऊन आले, पट्टीनं रकाने आखले. तारीख. सुटली. पोचली. मार्ग. शेरा. पहिली नोंद अशी झाली: ‘सुटली ९.४५. पोचली ९.५२. मार्ग: पलंग, शिलाई मशीन, फ्रिज, पलंग. शेरा: एक गणवेश थंड.’ मग त्यांनी वही दाराजवळच्या खिळ्याला सुतळीनं टांगली आणि समाधानानं तिच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी शेपटीनं बिस्किटांच्या डब्यावर डल्ला मारला. डब्यात क्रीमची सहा बिस्किटं होती, ती पाहुण्यांसाठी होती, आणि पाहुण्यांचा काही भरवसा नव्हता. तिनं तीन खाल्ली. सकाळी आईनं डबा उघडला आणि कोणी खाल्ली म्हणून विचारलं. कबूल करावं की कानावर हात ठेवावेत, हे शेपटीचं ठरायच्या आत बाबा उठले आणि त्यांनी वही काढली.

“ही रात्री उठली असणार,” ते म्हणाले.

आईनं विचारलं, कोणी पाहिलं का. त्यावर बाबांनी डेपोतला नियम सांगितला. गाडी कोणी पाहिली नाही, पण डिझेल कमी झालंय, याचा अर्थ फेरी झाली. त्यांनी लिहिलं: ‘सुटली, अंदाजे १०. मार्ग: पलंग, स्वयंपाकघर, पलंग. शेरा: बिस्किटं तीन.’ ताई दात घासता घासता दारात आली होती. तिला बिस्किटांची चवसुद्धा आठवत नव्हती, म्हणून तिनं ओशाळून मान खाली घातली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

शेपटी खोटं बोलली नव्हती, हे इथं सांगायला हवं. ती तोंडातून चकार शब्द न काढता साळसूदपणे दूध पीत होती. सगळं खोटं घरातल्या सगळ्यात खऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं होतं. एवढी सोय आयती चालून आल्यावर आठ वर्षांचं कुठलं मूल हात आखडता घेईल?

मग फेऱ्या वाढल्या. उरलेली बिस्किटं गेली. जॅमच्या बरणीत बोटाचा खळगा पडला. आईची कापडाची मोठी कात्री, जिला कागद लावला तर आई आठ दिवस बोलणं टाकायची, तिनं कागदाचा मुकुट कापला गेला. वहीत शेरा पडला, ‘कात्री, कागद, धार गेली’. ताईच्या वाढदिवसाची रंगपेटी, जिला हात लावायला शेपटीला मिळत नसे, एका सकाळी सगळे रंग एकमेकांत मिसळून चिखल झालेली सापडली. ताई ती पेटी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. “मी माझेच रंग कशाला खराब करीन?” ती म्हणाली. त्या दिवशी शेपटीला थोडं कसंतरी झालं, पण थोडंच, आणि संध्याकाळपर्यंत ते गेलंही.

गंमत म्हणजे वहीत शेपटीच्या नसलेल्या फेऱ्याही होत्या. नवव्या रात्री ताई खरोखरच उठून आईच्या मशीनजवळ येऊन उभी राहिली होती. ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. आईनं तिचा हात धरून तिला आत नेलं, पांघरूण घातलं आणि ती गाढ झोपेपर्यंत तिच्याजवळ बसली. ती फेरी खरीच होती. पण आटवलेल्या दुधाचा डबा चार वेळा अर्धा झाला, आत्यानं दिलेली, हंसाच्या आकाराची, कोणालाच न आवडणारी फुलदाणी फुटली, आणि एका रात्री नळ उघडा राहून गच्चीवरची टाकी रिकामी झाली. यातलं काही शेपटीनं केलं नव्हतं. ताई झोपेत बरीच उद्योगी आहे, असं तिला वाटलं, आणि तिचा ताईबद्दलचा आदर वाढला.

महिना असा मजेत चालला असताना ताई शाळेतून एक फॉर्म घेऊन आली. तळ्याकाठी तीन दिवसांचं शिबिर, रात्री तंबूत झोपायचं, आणि ताई तिच्या तंबूची प्रमुख. तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला होता. दोन वर्षं ती या शिबिराची वाट पाहत होती. फॉर्मवर एक चौकट होती: मुलाला काही आजार किंवा सवय असल्यास डॉक्टरांची सही आणावी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की महिन्यातून दोन-तीनदा होत असेल तर त्या खुशाल सही करतील, शिबिरातल्या बाईंना तंबूच्या दाराशी झोपायला सांगितलं की झालं. मग त्यांनी वही मागितली. बाबांनी ती अभिमानानं पुढे केली. शेवटच्या पानावर तांबड्या शाईनं, खाली दोन रेघा मारून, बेरीज होती: एकूण फेऱ्या एकोणीस.

“सगळ्या तुम्ही पाहिल्यात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पाहिल्यासारख्याच,” बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. एकोणीस वेळा उठणाऱ्या मुलीला तळ्याकाठी पाठवता येणार नाही, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ताईनं फॉर्मची चार घड्या घालून लहानशी पुडी केली आणि दप्तराच्या अगदी तळाशी ठेवली. ती रडली असती तर शेपटीला सोपं गेलं असतं.

त्या रात्री दिवा घालवायच्या आधी शेपटीनं पाहिलं, की ताई आईची मापाची टेप घेऊन पलंगावर बसलीय. टेपचं एक टोक तिनं पलंगाच्या पायाला बांधलं आणि दुसरं आपल्या घोट्याला. शेपटीनं विचारलं, हे काय.

“मी झोपेत काय काय करते ते माझं मलाच कळत नाही,” ताई म्हणाली. “कात्री घेतली होती मी त्या दिवशी. उद्या तुलाच काही केलं तर?”

शेपटी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताई कशाला घाबरते तर स्वतःला, आणि तेही शेपटीनं खाल्लेल्या बिस्किटांपायी. तिला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. खरं सांगून टाकावं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण कात्री आठवली, आईचा हात आठवला, आणि मग तिला एक युक्ती सुचली, जिच्यात खरंही कळेल आणि मारही बसणार नाही. अशा युक्त्या बहुतेक अंगाशी येतात, पण हे आठव्या वर्षी कोण सांगणार?

युक्ती अशी होती. तिनं स्वतःच सगळ्यांसमोर झोपेत चालायचं. म्हणजे आईबाबांच्या आपोआप लक्षात येईल की इतक्या फेऱ्या एकट्या ताईच्या नसणार, निम्म्या शेपटीच्या असणार, आणि त्याही झोपेतल्या. झोपेतल्या माणसाला कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती दोन्ही हात समोर ताठ धरून पुढच्या खोलीत अवतरली. ताई खरं तर कधीच हात पुढे करून चालत नसे, पण सोंग घ्यायचं तर साग्रसंगीत घ्यावं असं शेपटीला वाटलं. वाटेत टाचण्यांची डबी सांडलेली होती. तिच्यावरून तिनं पाय अलगद उचलून टाकला. मशीनच्या वायरवरूनही टाकला. कोचाजवळ पोचल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बिस्किटं... मी खाते... रोज मीच खाते...” आणि वळून परत निघाली.

आईच्या हातातली सुई गळून पडली. आजोबा मात्र त्या टाचण्यांकडे आणि शेपटीच्या पायांकडे आळीपाळीनं पाहत राहिले, आणि का कोण जाणे, डोळे मिटून परत पेंगू लागले. बाबा वहीकडे धावले. त्यांनी विसावी नोंद केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘गाडी क्रमांक दोन’.

आईनं शेपटीला हाताला धरून पलंगावर आणलं. ती बाहेर गेल्यावर दाराआडून बोलणं ऐकू येत होतं. आई म्हणत होती की आता दोघींचं झालं, बाहेरून कडी लावावी लागणार. बाबा म्हणत होते की घराण्यातच असेल. त्या एकोणीस फेऱ्यांमधली एकही कमी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उलट वीस झाल्या होत्या.

शेजारच्या पलंगावर ताई उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“माझ्यामुळे तुलाही ही सवय लागली,” ती म्हणाली. मग तिनं पलंगाच्या पायाची गाठ सोडली, टेपचं ते टोक शेपटीच्या घोट्याला बांधलं, घट्ट नको म्हणून आत एक बोट घालून पाहिलं. “टेप लांब आहे, दोघींना पुरेल. मी उठले तर तू जागी होशील, तू उठलीस तर मी. घाबरू नकोस.”

शेपटीनं थोडा वेळ दम धरला. मग तिला दम धरवेना. ती पलंगावरून खाली उतरली आणि तरातरा दाराकडे निघाली. मागे टेप ताणली गेली आणि “अगं, झोपेत आहेस का?” असं विचारत ताई लंगडी घालत तिच्या मागे ओढली गेली. आयुष्यात पहिल्यांदा ताई शेपटीच्या मागे जात होती.

पुढच्या खोलीत तिघंही होते. शेपटीनं खिळ्यावरची वही काढून बाबांच्या पुढ्यात टाकली.

“बाबा, यात चालकाचा रकानाच नाही.”

बाबांना आधी काही कळलं नाही. मग ते वहीकडे वाकले. तारीख, सुटली, पोचली, मार्ग, शेरा. अठरा वर्षं ज्या माणसानं चालकाचं नाव लिहिल्याशिवाय एक गाडी फाटकाबाहेर सोडली नव्हती, त्यानं घरच्या वहीत तो रकाना आखलाच नव्हता. त्यांचा चेहरा पडला. तो बिस्किटांपायी पडला नव्हता, रकान्यापायी पडला होता.

शेपटीनं पेन्सिल घेतली आणि समासात, एकेका नोंदीपुढे, ‘मी’ लिहायला सुरुवात केली. बिस्किटं, मी. जॅम, मी. कात्रीपुढे लिहिताना तिचा हात थांबला, पण तिनं लिहिलं. रंगपेटीपुढे लिहिताना तिला रडू फुटलं, आणि तिनं ताईकडे न बघता लिहिलं. अकरा झाले. मग विसाव्या नोंदीपुढेही लिहिलं आणि नाक पुसून सांगितलं की ती झोपेत नव्हती.

आई उठली. तिचा हात वर गेला होता, आणि तो कात्रीसाठी होता हे शेपटीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं डोळे मिटून गाल पुढे केला. पण कोचावरून खाकरल्याचा आवाज आला.

“आटवलेलं दूध,” आजोबा छताकडे पाहत म्हणाले. “चारही वेळा.”

आजोबांना साखर वर्ज्य होती. गेली तीन वर्षं आई त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा करत होती आणि तेही तो तोंड वाकडं करून पीत होते. आईचा वर गेलेला हात तसाच राहिला, आणि ती शेपटीकडून त्यांच्याकडे वळली.

“अहो, पोरीच्या नावावर?”

“तिला कोणी बोलत नव्हतं ना,” आजोबा म्हणाले.

आई काही तरी चांगलं खरमरीत बोलणार होती. पण तेवढ्यात तिचं लक्ष वहीच्या उघड्या पानाकडे गेलं. तिनं हात खाली घेतला, पदर सारखा केला, शेपटीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि फुलदाणीच्या नोंदीपुढे एक लहानसं अक्षर लिहिलं. बाबा बघतच राहिले. ती त्यांच्या सख्ख्या बहिणीनं दिलेली फुलदाणी होती. आई म्हणाली की ती झाडताना फुटली. थोड्या वेळानं म्हणाली की झाडताना म्हणजे जरा जोरात झाडताना.

आता उरला नळ. चार जोडी डोळे बाबांकडे लागले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्या रात्री सगळ्यात शेवटी दात घासायला तेच गेले होते. नोंदही त्यांनीच केली होती, सकाळी, टाकी रिकामी बघून, सुवाच्य अक्षरात. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि त्या ओळीपुढे आपलं संपूर्ण नाव लिहून खाली सही केली, कारण त्यांना अर्धवट काही जमत नसे.

“माझ्या किती राहिल्या?” ताईनं विचारलं. ती एका पायावर उभी होती. टेप अजून बांधलेलीच होती.

बाबांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

“दोन.”

ताई खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई जमिनीवर बसून तिच्या घोट्याची गाठ सोडू लागली. गाठीखालचा वळ बघून तिला कळलं की टेप आजच बांधलेली नाही, आणि तिनं तो घोटा दोन्ही हातांत धरून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी समासातले ‘मी’ वाचले, चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं, सही केली आणि आजोबांना सोमवारी रक्त तपासायला बोलावलं. शेपटीला शिक्षा झाली. बिस्किटं महिनाभर बंद, आणि कात्रीला धार लावून आणायला आईबरोबर बाजारात पायी. ताईनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. मग शिबिराच्या आदल्या रात्री, दिवा घालवल्यावर, ती आपणहून बोलली.

“शेपटे, दोन नाहीत. एकच आहे.”

शेपटी उठून बसली.

“फ्रिजचं मला खरंच आठवत नाही. पण दुसऱ्यांदा मी जागी होते,” ताई म्हणाली. “पहिल्या वेळी आईनं पांघरूण घातलं होतं असं तूच सांगितलंस. मला तर काहीच माहीत नव्हतं. म्हणून पुन्हा गेले. ती हात धरून घेऊन आली, किती वेळ बसली होती. आता मी मोठी झाले ना, एरवी नाही बसत.”

शेपटीच्या पोटातली त्या महिन्याची बाकी सगळी गुपितं बाहेर पडली होती. हे मात्र टिकलं. वहीत दोनच राहिल्या.

ताई शिबिराला गेली, आणि त्या रात्री शेजारचा पलंग रिकामा होता. शेपटीनं या कुशीवर, त्या कुशीवर करून पाहिलं. सव्वानऊला ती उठून पुढच्या खोलीत गेली, हात खाली सोडून, आणि आईच्या मशीनजवळ जाऊन उभी राहिली.

आईनं सुई थांबवली. “झोपेत आहेस की जागी?”

“जागी.”

आईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग काम बाजूला ठेवून तिचा हात धरला, तिला आत नेलं, पांघरूण घातलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

“ताई आली ना, की तिच्याजवळ पण असंच बस,” शेपटी म्हणाली.

“ती आता मोठी झाली.”

“असू दे. तरी बस.”

बराच वेळ आई रिकाम्या पलंगाकडे बघत बसली होती. बाहेर बाबांनी खिळ्यावरची वही काढल्याचा आवाज आला. सकाळी शेपटीनं ती उघडून पाहिली. पट्टीनं आखलेला नवा रकाना होता. सुटली ९.१५. पोचली ९.२०. चालक: धाकटी. शेरा: जागी.